स्टँडवरच्या फ्लॅशने पोर्ट्रेट काढताना मधूनच फ्रेम का बिघडते?

इंदूरमध्ये फ्लॅश स्टँडवर लावून पोर्ट्रेट काढणाऱ्या हौशी मंडळींकडून एकच तक्रार सारखी ऐकू येते. ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून लांबच्या फ्लॅशला रेडिओने पेटवणारा डबा) जोडला, पहिल्या चार-पाच फ्रेम झकास आल्या, आणि मग मधूनच एखादी काळीकुट्ट, एखादी अर्धीच उजळलेली, एखादी नुसतीच मळकट. पुढची परत ठीक. सेटिंगला कुणी हातही लावलेला नाही. अशा वेळी बहुतेक जण फ्लॅशची पॉवर वाढवतात. दोन फ्रेम बऱ्या येतात आणि मग त्रास आधीपेक्षा जास्त सुरू होतो.

पॉवर वाढवली की सेल लवकर दमतात, फ्लॅश तापतो, एका चमकेनंतर दुसरीसाठी तयार व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणजे ज्या कारणाने फ्रेम बिघडत होती त्यालाच आपण खतपाणी घालतो. त्यापेक्षा बिघडलेली फ्रेम डिलीट न करता कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून बघा. ती पूर्ण काळी आहे, एका बाजूने गेली आहे, सगळीच अंधुक आहे, की चेहरा ठीक असून फक्त मागचं बदललंय? या चार बिघाडांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. फ्रेम वाचल्याशिवाय कुठलंही बटण फिरवायचं नाही, एवढी एक शिस्त पाळली तरी निम्मा वेळ वाचतो.

हे इतक्या पोटतिडकीने लिहितोय ते कोलॅब शूटमुळे. तिथे मॉडेल पैसे घेऊन आलेली नसते. कथक शिकणारी मुलगी, हौशी नाटकांत काम करणारा मुलगा, अशी ही माणसं असतात. स्वतःचा वेळ, स्वतःचे कपडे, स्वतःचा मेकअप घेऊन ती येतात आणि बदल्यात त्यांना चांगले फोटो हवे असतात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ (होळकरांच्या दगडी समाध्या) किंवा राजवाड्यासमोर नटूनथटून उभं राहायचं म्हणजे येणारे-जाणारे थांबून बघणार, मोबाइल काढणार. त्यात फोटोग्राफर ट्रिगरशी झटापट करत बसला की ‘दादा, अजून किती वेळ?’ असा प्रश्न येतो. तोवर चेहऱ्यावर जे जमून आलेलं असतं ते विरलेलं असतं. फ्लॅश सुरू झाला तरी ते परत यायला वेळ लागतो, आणि संध्याकाळचा उजेड कुणासाठी थांबत नाही.

फ्रेम पूर्ण काळी

इथे फ्लॅश पेटलेलाच नाही. तपासणी मागून पुढे करा. आधी फ्लॅशवरचं टेस्ट बटण दाबा. तो पेटला तर फ्लॅश आणि सेल ठीक. मग ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबा. पेटला तर रेडिओ ठीक. शेवटी शटर दाबा. इथे नाही पेटला तर दोष कॅमेरा आणि ट्रिगर यांच्या जोडात किंवा कॅमेऱ्याच्या मेनूत आहे.

जोडाचं म्हणाल तर ट्रिगर हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, शेवटपर्यंत गेलेला नसतो, किंवा गेला तरी त्याचं लॉक फिरवलेलं नसतं. कॅमेरा आडवा असताना चालतो आणि उभा धरला की ट्रिगर केसभर सरकून संपर्क तुटतो. पोर्ट्रेटवाल्यांना हा त्रास जास्त होतो तो यामुळेच. दुसरं, हॉट शूच्या त्या पितळी ठिपक्यांवर घाम आणि धूळ बसून पातळ थर तयार होतो. पेन्सिलचं मऊ खोडरबर घ्या, कॅमेरा उलटा धरा म्हणजे रबराचा चुरा आत जाणार नाही, आणि प्रत्येक ठिपका दोन-चारदा हलकेच घासा. रबरावर काळपट रेघ उमटते. तीच घाण. मग ट्रिगरच्या तळाच्या पिनाही तशाच पुसा आणि कोरड्या सुती कापडाने सगळं झटका.

मेनूतलं कारण त्याहून साधं आहे. मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर चालू राहिलेलं असतं. नाटकात किंवा गाण्याच्या बैठकीत फोटो काढताना आवाज नको म्हणून ते लावतात आणि विसरतात. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर असताना फ्लॅश पेटतच नाही. अपवाद आहेत, पण ते महागड्या, फार वेगवान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत. आपल्यापैकी बहुतेकांनी मेकॅनिकल शटरवर या आणि पुढे चला.

ट्रिगरच्या टेस्ट बटणानेच फ्लॅश पेटत नसेल तर चॅनल आणि ग्रुप दोन्हीकडे एकच आहेत का बघा, आणि फ्लॅश झोपलाय का तेही बघा. थोडा वेळ वापर नसला की सेल वाचवायला तो आपोआप झोपतो, आणि काही ट्रिगर त्याला उठवू शकत नाहीत. बाहेरच्या शूटला ही झोप मेनूतून बंद करून टाका.

राजवाड्याच्या परिसरातली आणखी एक गंमत सांगतो. हे ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच. चहूकडे दुकानं, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. वर संध्याकाळी प्री-वेडिंगवाल्यांची एखादी टीम शेजारी असतेच, आणि त्यांचाही ट्रिगर डब्यातून निघाला तसा चॅनल १, ग्रुप ए वर. त्यांनी शटर दाबलं की आपला फ्लॅश पेटतो, आणि आपण दाबतो तेव्हा तो अजून भरलेला नसतो. आपल्याला वाटतं, फ्लॅश बिघडला. तेव्हा घरूनच एखादा आडवातिडवा चॅनल ठरवून या, आणि ट्रिगरमध्ये वायरलेस आयडीची सोय असेल तर तोही बदला. फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर ठेवलेला असेल तर चॅनल बदलूनही उपयोग नाही. कुणाच्याही फ्लॅशची चमक दिसली की तो पेटणार. बाहेर तो मोड वापरूच नये. उन्हात तर त्याला आपली चमकही धड दिसत नाही.

फ्रेम एका बाजूने गेलेली

हा बिघाड ओळखायला सगळ्यात फसवा, म्हणून इथे जरा थांबू.

कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. एका ठराविक वेगापर्यंत, म्हणजे पुष्कळ कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत, मध्ये एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो. फ्लॅश त्या क्षणी पेटायला हवा. या ठराविक वेगालाच सिंक स्पीड म्हणतात. त्यापेक्षा वेगवान शटर ठेवलं तर पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आतच दुसरा निघालेला असतो, आणि त्याने झाकलेल्या भागावर फ्लॅशचा उजेड पडतच नाही.

पुस्तकात हा पट्टा काळा दाखवतात. संध्याकाळी बाहेर काढलेल्या फोटोत तो काळा नसतो. आकाशाचा, दिव्यांचा उजेड त्या भागावर पडलेलाच असतो, फक्त फ्लॅश नसतो. त्यामुळे तिथे एक मंद सावली दिसते. त्यात कॅमेरा आडवा असताना हा पट्टा सहसा फ्रेमच्या तळाशी येतो आणि उभा धरला की डाव्या किंवा उजव्या कडेला सरकतो. पोर्ट्रेट उभंच काढायचं असतं. मग फोटोग्राफरला वाटतं, फ्लॅशपुढची अम्ब्रेला नीट वळलेली नाही, उजेड मऊ करणाऱ्या सॉफ्टबॉक्सची कड लागतेय. तो स्टँड हलवत बसतो, मॉडेलला दोन पावलं सरकवतो, आणि सावली जिथल्या तिथे.

ओळखायची खूण अशी: सावलीची कड फ्रेमच्या कडेला समांतर असेल आणि फ्लॅश हलवूनही तिची जागा बदलत नसेल तर ती शटरची आहे. फ्लॅश हलवल्यावर हलली तर उजेडाची.

‘पण मी तर १/२०० वरच होतो, सिंक स्पीड तेवढाच आहे’ असं म्हणणारे खूप भेटतात. ते बरोबर असतात आणि पट्टाही खरा असतो. रेडिओ ट्रिगरला कॅमेऱ्याकडून निरोप घेऊन फ्लॅशपर्यंत पोचवायला किंचित वेळ लागतो. स्वस्त ट्रिगरला जास्त. सिंक स्पीडच्या काठावर उभं असताना तेवढा उशीरही पुरतो. शिवाय पूर्ण पॉवरवर फ्लॅशची चमक लांबते. सामान्य स्पीडलाइटची, म्हणजे सेलवर चालणाऱ्या छोट्या फ्लॅशची, चमक पूर्ण पॉवरला साधारण १/३०० सेकंदाची असते आणि सगळ्यात कमी पॉवरला १/२०,००० सेकंदाच्या घरात जाते. लांब चमकेची शेपटी पडद्यात अडकली की एक कड मंद होते.

यावर उपाय घरी एकदा करून ठेवायचा आहे. रात्री खोलीतला दिवा बंद करा, साध्या भिंतीवर फ्लॅश रोखा, आणि पूर्ण पॉवरवर १/१२५, १/१६०, १/२००, १/२५० असे फोटो काढा. कुठल्या वेगापासून कडेला छाया येते ते दिसेल. त्याच्या एक पायरी खालचा वेग हा तुमच्या कॅमेऱ्याचा आणि तुमच्या ट्रिगरचा मिळून खरा सिंक स्पीड. तो चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या तळाला लावा. ट्रिगर बदलला तर चाचणी परत.

एचएसएस, म्हणजे हाय स्पीड सिंक, चालू केलं की पट्टा जातो हे खरं. पण मग फ्लॅश एका चमकेऐवजी अनेक बारीक चमका सोडतो आणि प्रत्येक फोटोमागे किमान दीड-दोन स्टॉपचा उजेड गमावतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फ्लॅश भराभर तापतो तो वेगळाच. गरज नसताना एचएसएस लावून ठेवणं हे पुढच्या बिघाडाचं मोठं कारण आहे.

फ्रेम सगळीच अंधुक

पट्टा नाही, फ्लॅश पेटलेला दिसतो, डोळ्यांत चमक आहे, पण चेहरा आधीच्या फ्रेमपेक्षा एक-दीड स्टॉपने खाली. इथे फोटोची वेळ बघा. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये सेकंदापर्यंत वेळ नोंदवतो. अंधुक फ्रेम आधीच्या फ्रेमनंतर लगेच, एक-दोन सेकंदांत काढलेली असेल तर फ्लॅश भरला नव्हता. पुरेसं अंतर असूनही अंधुक आली असेल तर कारण दुसरं. हा एक प्रश्न अर्ध्या शंका मिटवतो.

फ्लॅश भरण्याचं गणित असं. डबल ए सेलवर चालणारा स्पीडलाइट ताज्या सेलवर पूर्ण पॉवरनंतर साधारण अडीच-तीन सेकंदांत भरतो, दमलेल्या सेलवर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेतो. आणि पुष्कळ फ्लॅशमध्ये तयार असल्याचा दिवा आतला वीज साठवणारा कपॅसिटर पूर्ण भरायच्या जरा आधीच लागतो. दिवा बघून शटर दाबलं तरी उजेड कमी पडतो. साध्या अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि चार्जिंगच्या निकेल मेटल हायड्राइड सेलवर १.२, तरी फ्लॅशसाठी दुसरेच चांगले. ते एकदम मोठा प्रवाह देऊ शकतात, त्यामुळे भरणं लवकर होतं. चारही सेल एकाच वयाचे, एकत्र चार्ज केलेले हवेत. एक जुना सेल बाकी तिघांना खाली ओढतो.

खरा उपाय मात्र सेलमध्ये नाही, अंतरात आहे. फ्लॅश पूर्ण पॉवरवरून १/४ वर आणला की तो जवळपास लगेच भरतो, पण दोन स्टॉप उजेड जातो. तो परत मिळवायला फ्लॅश अर्ध्या अंतरावर आणा. दोन मीटरवर असलेला सॉफ्टबॉक्स एक मीटरवर आला की चेहऱ्यावर चौपट उजेड पडतो, म्हणजे बरोब्बर दोन स्टॉप. मागच्या आकाशावर, दगडांवर, दिव्यांवर काही फरक नाही. वर जवळच्या मोठ्या सॉफ्टबॉक्सचा उजेड मऊही होतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून किंवा अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) उघडून चेहरा उजळतो, पण मागचंही उजळतं आणि ते सावरायला शटर वेगवान करावं लागतं, की पुन्हा सिंक स्पीडची भिंत आडवी येते.

जवळ आणण्याची एक किंमत आहे, ती माहीत असू द्या. फ्लॅश एक मीटरवर असताना मॉडेल वीस सेंटिमीटर पुढे झुकली तर चेहरा जवळजवळ दोन तृतीयांश स्टॉप उजळतो. फ्लॅश दोन मीटरवर असेल तर तेवढ्याच झुकण्याने एक तृतीयांशाच्या आसपासच फरक पडतो. कथकची गिरकी, पदर उडवणं, वळून बघणं असलं काही करायचं असेल तर फ्रेमागणिक उजेड बदलेल आणि दोष फ्लॅशला लागेल. म्हणून हालचालीच्या फोटोंना फ्लॅश लांब, स्थिर चेहऱ्याला जवळ. उभं राहायची जागा ठरवून द्यायला मॉडेलच्या चपलांची जोडी किंवा एखादं वाळकं पान पायाशी ठेवा. छत्र्यांच्या दगडावर खडूने किंवा चिकटपट्टीने खुणा करू नका, तो आपला वारसा आहे.

अंतर आणि सेल दोन्ही ठीक असतील तर टीटीएल, म्हणजे फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्याने आपोआप ठरवायची सोय, चालू आहे का बघा. टीटीएलमध्ये कॅमेरा प्रत्येक फ्रेमला नव्याने अंदाज बांधतो. पांढरी पैठणी फ्रेममध्ये जास्त आली की तो उजेड कमी करतो, काळी नऊवारी आली की वाढवतो. पहिली फ्रेम टीटीएलवर घ्या, आवडली की मॅन्युअलवर या. काही ट्रिगरमध्ये टीटीएलचा आकडा थेट मॅन्युअलमध्ये बदलणारं बटण असतं, ते वापरा. एकाच जागी, एकाच माणसावर चाललेल्या शूटला टीटीएलची गरज नसते.

चेहरा ठीक, मागचं काळं पडत चाललंय

हा खरं तर बिघाड नाही, संध्याकाळ आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या जवळ, जरासं दक्षिणेला. इथे डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासाताच्या आसपास, आणि त्यानंतरचा कामाचा संधिप्रकाश जेमतेम पंचवीस मिनिटांचा. तेवढ्यात आकाशाचा उजेड स्टॉपमागून स्टॉप उतरतो. फ्लॅश मात्र तेवढाच.

शटरचा परिणाम मागच्या उजेडावर होतो, फ्लॅशवर जवळपास नाही. म्हणून मागचं काळं पडायला लागलं की पॉवरला हात न लावता फक्त शटर मंद करत जा: १/१६०, १/८०, १/४०. चेहऱ्यावरचा उजेड बदलत नाही आणि आकाश परत दिसतं. १/४० च्या खाली मॉडेलला क्षणभर स्थिर राहायला सांगा, नाहीतर तिच्या कडेने भुतासारखी रेघ उमटते.

सुरुवात करतानाही हाच क्रम ठेवा. आधी फ्लॅश बंद. मागचं आकाश हवं त्यापेक्षा एक स्टॉप गडद येईल असं शटर, अॅपर्चर, आयएसओ ठरवा. मग फ्लॅश चालू करून फक्त त्याची पॉवर जुळवा. दोन्ही एकदम जुळवायला गेलं की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

रंगाचं थोडक्यात. राजवाड्यावरचे आणि रस्त्यावरचे पिवळे दिवे असताना नुसता फ्लॅश चेहऱ्याला निळसर, परका करतो. फ्लॅशवर अर्धा किंवा पूर्ण सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक पट्टी) लावा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगाची सेटिंग) त्याप्रमाणे खाली आणा. आकाश आपोआप गर्द निळं होतं.

मॉडेल येण्याआधी

वरची सगळी तपासणी मॉडेल उभी राहण्याआधी संपायला हवी. मित्राला अर्धा तास आधी बोलवा, त्याला तिच्या जागी उभं करा, उभ्या आणि आडव्या धरलेल्या कॅमेऱ्याने काही फ्रेम काढून बघा. अम्ब्रेलाच्या स्टँडला वाळूची पिशवी अडकवा किंवा तो मित्राला धरायला सांगा. नदीकाठी वारा सुटला की अम्ब्रेला शिडासारखी फुगते आणि स्टँड माणसाच्या अंगावर येतो.

मॉडेलशी बोलणं आधीच आणि लिहून झालेलं असावं: किती फोटो मिळणार, कधीपर्यंत, कोण कुठे टाकणार, कुठला फोटो टाकायचा नाही हे ती सांगू शकते का. कोलॅबमध्ये हे मेसेजवर स्पष्ट असलं की उभं राहताना तिच्या मनात शंका नसते, आणि ते चेहऱ्यावर दिसतं. सोबत कुणाला आणायचं असेल तर आणू द्या. जागेची परवानगी काढायची जबाबदारी फोटोग्राफरची.

आणि मध्ये काही बिघडलंच तर गप्प बसून बटणं दाबू नका. ‘ताई, फ्लॅश भरतोय, बसून घ्या’ एवढं बोला. न बोलणाऱ्या फोटोग्राफरकडे बघून मॉडेलला वाटतं, माझंच काही चुकतंय. अमेरिकन फोटोग्राफर मॅन रेने १९३० च्या आसपास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि त्यांच्या पत्नी संयोगितादेवी यांचे फोटो काढले, ते जरूर बघा. राजघराण्यातल्या फोटोंचा ताठा त्यांत नाही. दोघं हसताहेत, एकमेकांना खेटून बसलीत. फोटो काढणाऱ्याबरोबर माणूस मोकळा झाल्याशिवाय असे फोटो निघत नाहीत.

इतकं करूनही फ्रेम बिघडत असेल तर

एका वेळी एकच वस्तू बदला. आधी सेल. मग फ्लॅश दुसऱ्याचा, ट्रिगर तुमचाच. मग ट्रिगर दुसऱ्याचा, फ्लॅश तुमचा. शेवटी दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर तुमचा सगळा संच. फ्लॅश अगदी ट्रिगरजवळ, हातभर अंतरावर असतानाच चुकत असेल तर ट्रिगरच्या मेनूत जवळच्या अंतराचा पर्याय आहे का बघा, काही ट्रिगरमध्ये ० ते ३० मीटर असा असतो. दोन फ्लॅश, दोन ट्रिगर बदलूनही एकाच कॅमेऱ्यावर फ्रेम काळी येत असेल तर बहुधा हॉट शू सैल झालेला आहे आणि तो घरी सुटा करायचा नाही. दुरुस्तीला देताना बिघडलेल्या फ्रेमच्या मूळ फाइल आणि त्यांच्या लगतच्या चांगल्या फ्रेम, दोन्ही बरोबर न्या. त्यात शटर, वेळ, आयएसओ सगळं नोंदलेलं असतं, आणि ‘कधीकधी होतं’ या वाक्यापेक्षा कारागिराला त्याचा जास्त उपयोग होतो.